खेळातली यती

व्हिडिओ गेमवर बोलायला एका कवीला कशाला बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पोरांच्या हातातला हा खेळ आणि कविता यांचा संबंध काय? माझ्या मते संबंध आहे, आणि तो 'यती' या जुन्या शब्दात आहे.

बी.ए.ला वृत्तं शिकलो. त्यातली बरीचशी विसरलो, यती मात्र लक्षात राहिली. ओळ म्हणताना ज्या ठरलेल्या जागी आवाज थांबतो, ती यती. मंदाक्रांता वृत्तात १७ अक्षरं असतात. चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर थांबायचं. ओळ संपलेली नसते, अर्थही पुरा झालेला नसतो. फक्त श्वासाला जागा केलेली असते. कालिदासाचं अख्खं 'मेघदूत' या वृत्तात आहे. विरहाच्या काव्याला ते शोभतं, कारण हुरहूर धावत्या ओळीत मावत नाही. तिला थांबायला जागा लागते.

व्हिडिओ गेमचा स्वभाव याच्या अगदी उलटा. तो सारखा 'कर' म्हणत असतो. पळ, उडी मार, नेम धर. १९९७ साली नोकियाच्या फोनमध्ये 'स्नेक' आला. पुढं आपल्याकडे मोबाइल आले तेव्हा चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माणसं माना खाली घालून हाच साप फिरवत बसलेली असायची. सापानं दाणा खाल्ला की अंग वाढतं, आणि बहुतेक वेळा साप मरतो तो स्वतःच्याच शेपटीला धडकून. जितकं कमवावं तितकी वळायला जागा कमी! केवढी करुण गोष्ट आहे ही. पण खेळताना ती कुणाला सुचत नाही, कारण साप थांबत नाही. दुःख आहे, पण त्याला सवड नाही.

आता दुसरं उदाहरण घेऊ. जपानच्या फुमितो उएदा यांनी २००५ साली 'शॅडो ऑफ द कोलोसस' हा खेळ केला. २०१८ मध्ये तो प्लेस्टेशन ४ साठी नव्यानं घडवला गेला. एक तरुण मेलेल्या मुलीचा देह घोड्यावर घेऊन ओसाड मुलखात येतो. तिथला एक आवाज त्याला सांगतो, या मुलखातले १६ महाकाय जीव मारलेस तर ही कदाचित उठेल. बस्स, एवढंच. वाटेत गाव नाही, बाजार नाही, किरकोळ शत्रू नाहीत. एका महाकायापासून दुसऱ्यापर्यंत नुसता माळ, वारा आणि घोड्याच्या टापा. त्या जिवांपैकी काही तर आपण होऊन अंगावरही येत नाहीत. शेवटी तो डोंगराएवढा देह कोसळतो. अशा वेळी खेळांत तुताऱ्या वाजतात. इथं शोकाचं संगीत सुरू होतं.

सिनेमात नायक मारतो, आपण बघतो. कवितेत कवी रडतो, आपण ऐकतो. इथं बटण आपण दाबलेलं असतं. आणि पुढच्या माळावर खेळ आपल्याला काहीच करायला सांगत नाही, म्हणून आताच काय केलं ते हाताला आठवायला वेळ मिळतो. ही त्या खेळातली यती. आमच्या रावेतला पवनेवर बंधारा आहे. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी तिथून उचललं जातं. नदीला तिथं थोडं अडवलं आहे, म्हणून तर उचलता येतं. मनाचंही तसंच असावं.

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात आहे आणि आमच्याकडेच राहतो. तासाला किती नग निघाले, याचा फळा दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. दुसरी पाळी करून तो रात्री साडेबाराला घरी येतो. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, जाऊन दोन वर्षं झाली. तो तिच्याबद्दल बोलत नाही. हा खेळ त्यानं बाराव्या महाकायापर्यंत आणला आणि तिथंच ठेवला. तरी रोज रात्री थोडा वेळ घोडा घेऊन त्या माळावर फिरतो, एखाद्या तळ्याकाठी उभा राहतो. पुढं का जात नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मामू, इदर कोई कुच करने को नै बोलता." सोळावा पडल्यावर ती मुलगी उठते की नाही, हे त्याला बघायचं नसावं, असा माझा अंदाज आहे. मी ते विचारलेलं नाही.

अमेरिकेत २०१२ साली 'जर्नी' नावाचा खेळ निघाला. लाल झग्यातला एक वाटसरू वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालतो. मध्येच तसाच दुसरा वाटसरू भेटतो. तो जगात कुठंतरी बसलेला खरा माणूस असतो. पण त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही; फक्त एक सूर काढून साद घालता येते. तो मागं राहिला, तर आपण वाळूत उभं राहून वाट बघतो. वाट बघ असं खेळ सांगत नाही, आणि वाट बघितल्याचे गुणही मिळत नाहीत.

फार लांब कशाला, पुण्यातलंच उदाहरण आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी 'राजी' हा खेळ केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये खेळ बाजारात आला. राजी ही कसरतीची कामं करणारी पोर. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, ती शोधत निघते. लढाया पुष्कळ आहेत. पण मधूनच लढाई थांबते आणि गोल गोल चकत्या फिरवून एक मोडलेलं चित्र जुळवायचं असतं. चित्र जुळत जातं तशी राजीला भावाची आठवण येते.

हात गोल फिरतो आहे आणि तोंडात भावाचं नाव आहे. आठवतं ना हे कुठलं? जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा लाखभर ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केल्या. त्यांत भाऊराया जागोजागी भेटतो. दळणाऱ्या बाईला कामातून सुट्टी नव्हती. तिनं जात्याच्या फेऱ्यातच आपली यती शोधली.

सगळेच खेळ असे नसतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून मनाई केली. त्या खेळांत यती नसते, कारण थांबलेला माणूस विचार करतो आणि विचार केला की उठून जातो. चांगला खेळ कुठला आणि घात करणारा कुठला, हे ओळखायला मी तरी एवढंच बघतो, की तो खेळणाऱ्याला मध्ये कुठं एकटं सोडतो का.

आयाबापांना एकच सांगणं आहे. पोरगा पडद्यासमोर बसलाय, हातात यंत्र आहे, पण बोटं हलत नाहीत, पडद्यावर नुसती संध्याकाळ आहे, असं कधी दिसलं, तर 'खेळत नाहीस तर बंद कर' असं लगेच म्हणू नका. जेवण थोडं गार झालं तरी चालेल.