माळरानावरील शेळीपालन : हिशेब चाऱ्यापासून सुरू व्हावा

धाराशिव, लातूर, बीड आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात उस्मानाबादी शेळी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहे. काळ्या रंगाची, काटक आणि अनेकदा जुळी करडे देणारी ही जात मांसासाठी नावाजलेली आहे. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या होत्या. तरीही बहुतेक घरांत शेळी म्हणजे अडीनडीला विकायची ठेव, एवढेच तिचे स्थान आहे. मांसोत्पादनाचा नियोजनबद्ध व्यवसाय उभारायचा, तर किती शेळ्या घ्याव्यात, यापूर्वी आपला माळ किती शेळ्या पोसू शकतो, हे ठरवावे लागते.

शेळीला दररोज वजनाच्या साधारण 3 ते 4 टक्के शुष्क चारा लागतो. म्हणजे 30 किलोच्या शेळीस सुमारे 1 किलो. फेब्रुवारी ते मे या काळात माळ जवळजवळ रिता असतो. या 120 दिवसांसाठी 50 शेळ्यांना 6 टन कोरडा चारा हवा. तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट, बाभळीच्या शेंगा, शेवरी व सुबाभळीचा पाला यांची तजवीज आधीच झालेली असावी. सुबाभळीत मायमोसीन हे विषारी द्रव्य असल्याने तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये. जितकी तजवीज, तितकाच कळप उन्हाळ्यात ठेवावा आणि उरलेली जनावरे वजन घटण्यापूर्वीच विकावीत.

माळाचे चार भाग पाडून दरवर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर चराईस बंद ठेवणे हिताचे. बी पडण्यापूर्वीच गवत खाल्ले गेले, तर चांगली गवते हटतात आणि जनावरे तोंड लावत नाहीत असा तरवड माजतो. बंद भागात अंजन गवत व स्टायलोचे बी पेरता येते. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी करून माळ सावरला, हे खरे. परंतु अशी बंदी झाली की सर्वप्रथम भूमिहीन शेळीपालकाचा आधार तुटतो. गायरानावर चारणाऱ्यांनी आपसांत पाळी ठरवून घेतली, तर सरसकट बंदीची वेळ टळू शकते.

पैदाशीसाठी 20 ते 25 शेळ्यांमागे एक निवडक बोकड पुरतो. रक्तसंबंधातील पैदास टाळण्यासाठी तो दर दोन वर्षांनी बदलावा. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असल्याने जून-जुलैत फळलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वितात आणि करडे भर पावसाळ्यातील मरतुकीपासून वाचतात. बकरी ईदसाठी वर्षाचा बोकड हवा असेल, तर सणापूर्वी किमान 17 महिने शेळी फळलेली असावी. हा सण दरवर्षी 10 ते 11 दिवस अलीकडे येत असल्याने गणित दरवर्षी नव्याने मांडावे लागते.

बाजारातून आणलेली जनावरे तीन आठवडे वेगळी ठेवावीत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पीपीआरची लस, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि वेळोवेळी जंतनाशक द्यावे. विक्री उक्ती न करता वजनावर करावी. साधा टांगता काटा गोठ्यात असला, तरी व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. दरमहा वजनाची नोंद ठेवल्यास कोणत्या शेळीची करडे लवकर वाढतात, हेही कळते आणि त्यांतूनच पुढील माद्या निवडता येतात.

2021-22 मध्ये सुधारित झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 500 शेळ्या व 25 बोकडांपर्यंतच्या प्रकल्पास भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्यामुळे मोठ्या आकड्यांचा मोह वाढतो. मात्र चाऱ्याची सोय नसताना उभा केलेला मोठा कळप पहिल्याच दुष्काळात पडत्या भावाने विकावा लागतो आणि कर्ज तेवढे मागे उरते. 20 शेळ्यांपासून आरंभ करून दोन उन्हाळे पार पडल्यावर कळप वाढविणे, हाच कोरडवाहू शेतकऱ्यासाठी सुरक्षित मार्ग होय.