वाघ न दाखवणारं रान

परतवाड्याच्या लाकूडबाजारात सागाच्या भुशाचा वास नाकात भरतो आणि तासाभरात तोच साग रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभा दिसतो. घटांग मागे पडलं की मोबाइलची रेंज जाते आणि गाडीतला एखादा हौशी पाहुणा हमखास विचारतो, ‘वाघ दिसेल ना?’ मी सांगतो, वाघच बघायचा असेल तर ताडोबाला जा. मेळघाट वाघ दाखवत नाही, लपवतो.

याचं कारण जमिनीतच आहे. सातपुड्याची ही गाविलगडची रांग म्हणजे बेसाल्टच्या थरांत पावसानं कोरलेली खोरी. 1178 मीटर उंचीच्या वैराटपासून खाली तापीपर्यंत सपाटी अशी फारशी नाहीच. घाटांचा मेळ तो मेळघाट, ही व्युत्पत्ती पंडितांना मान्य असो-नसो, दोन टेकड्या चढलेल्या माणसाला लगेच पटते. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातलं हे एकच होतं. बफर धरून आज त्याचा पसारा पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

पण मला विचाराल तर हे रान पाण्याचं आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या पाचही नद्या तापीला मिळतात. भुसावळजवळच्या हतनूर धरणात साठणाऱ्या पाण्यातही या डोंगरांचा वाटा आहे. मे महिन्यात नद्या तुटतात, उरतात ते डोह. सेमाडोहच्या नावातही एक डोह आहेच.

अशाच एका पाणवठ्यावर बुद्धपौर्णिमेची रात्र मी मचाणावर काढली. सोबत एक कोरकू वनमजूर. रात्री अस्वल आलं, मग सात रानगवे, पाण्यात तोंड घालून बराच वेळ उभे. अडीचच्या सुमारास पलीकडच्या उतारावर सांबर ओरडलं. एकदा, दोनदा, मग सलग. गवे पाणी सोडून निघून गेले. शेजारचा माणूस ओठ न हलवता म्हणाला, ‘कुला.’ कोरकूत वाघ म्हणजे कुला. उजाडेपर्यंत काहीही आलं नाही. नोंदवहीत वाघाच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिलं. ऐकलेला वाघ मोजत नाहीत.

लपण्यात वाघाला मागे टाकणारा इथला रहिवासी म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर या घुबडाचा खात्रीचा पत्ताच नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि आपणच 1914 साली गुजरातेत तो मिळवल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. साहजिकच शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली आणि 1997 च्या नोव्हेंबरात त्यांच्या चमूला शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे मेळघाटातही तो आढळला. वीतभर पक्षी, सागाच्या उघड्या फांदीवर भरदिवसा बसलेला. शंभरावर वर्षं सगळ्यांना चकवून!

माणसांची गोष्ट इतकी सरळ नाही. होळीनंतर रस्त्यावर दोर आडवा धरून फगवा मागणारे कोरकू प्रवाशांना ठाऊक असतात. 1990 च्या दशकात कुपोषणाच्या बातम्यांतून ते उरलेल्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभ्यातून बाहेर हलली, मग आणखी हलली. जुन्या शेतांवर गवत आलं, गवतावर सांबरं आली. हे यश खरंच. पण बाहेर आलेली काही कुटुंबं गैरसोयींना विटून पुन्हा रानात शिरली आणि 2019 मध्ये वनखात्याशी त्यांचा संघर्ष झाला, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं. नदीला सिपना, म्हणजे साग, हे नाव ज्यांच्या भाषेनं दिलं, त्यांना पाहुण्यासारखं बाहेर काढून चालत नाही.

आता उरला रेल्वेचा प्रश्न. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी याच रानातून जायची. धूळघाटला डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच वाटेवरून चढायची. 2017 पासून ती बंद आहे. ब्रॉडगेजचा मार्ग रानातूनच न्यायचा, की हिवरखेड-सोनाळ्याच्या बाजूनं बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. बाहेरचा मार्ग लांब पडतो. पडू दे. वाटेत गावं तरी लागतील.