आधी विषामृत, मग बास्केट!

"ताई, राग मानू नका, पण ती उद्यापासून येणार नाही. खेळाचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायला लागतं."

भाजी मंडईत, हातात मेथीची जुडी धरून एका आईनं मला हे सांगितलं आणि मी गप्पच झाले. बास्केटबॉलनं पोटात दुखतं? ज्या खेळापायी लहानपणी मला जेवायची शुद्ध नसायची, त्या खेळानं?

मुलगी सहावीतली. हडकुळी, चष्मेवाली, अबोल. शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर मी रोज संध्याकाळी साडेपाच ते सात मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्या वर्षी जूनमध्ये २२ मुली होत्या, दिवाळीनंतर उरल्या ९. मी आपली म्हणायची, आजकालच्या मुलींना कष्टच नकोत! मंडईतल्या त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, खोट मुलींमध्ये नसेल तर?

मी काय करत होते ते सांगते. माझ्या सरांनी मला शिकवलं, तसंच मी शिकवत होते. आधी मैदानाला दहा फेऱ्या. मग रांग. एकेकीनं ड्रिबल करत जायचं, बाकीच्यांनी उभं राहायचं. चेंडू निसटला की पाच उठाबशा. चेंडू सगळे मिळून तीन. एकदा घड्याळ लावून बघितलं, तर तासाभरात एकेकीच्या हाताला चेंडू लागत होता जेमतेम पाच मिनिटं! उरलेला वेळ दुसरीच्या चुका बघायच्या आणि आपली पाळी आली की तिनं आपल्या बघायच्या. त्यातून चेंडू ७ नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा, ६०० ग्रॅमच्या आसपास. रिंग दहा फुटांवर. ती बिचारी कमरेतून वाकून, सगळा जीव लावून चेंडू फेकायची आणि तो जाळीलासुद्धा शिवायचा नाही. वर माझा आवाज, "अगं, जेवतेस की नाही?" पोटात दुखणार नाही तर काय!

त्या रात्री या खेळाच्या जन्माची गोष्ट आठवली. १८९१ चा डिसेंबर. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाच्या वर्गात १८ विद्यार्थी होते. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून आत व्यायामशाळेत त्याच त्या कवायती. पोरं वैतागलेली. त्यांच्यासाठी नायस्मिथनं सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, हातात फुटबॉल दिला आणि १३ नियम लिहून काढले. लगेच १८९२ मध्ये जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवला. म्हणजे बघा, जो खेळ कवायतीच्या कंटाळ्यावर उतारा म्हणून जन्मला, त्याचीच मी कवायत करून टाकली होती!

दुसऱ्या दिवशी कामाला लागले. लहान मुलांसाठी मिनी-बास्केटबॉल असतो. त्याची रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर आणि चेंडू ५ नंबरचा, हलका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन रिंगा करून घेतल्या. जुन्या चेंडूंची पंक्चरं काढली, थोडी वर्गणी जमवली. पहिल्याच संध्याकाळी चार जणींचा चेंडू जाळीतून आरपार गेला आणि जो काही आरडाओरडा झाला! शेजारच्या आजी खिडकीत आल्या, काय झालं म्हणून.

मग रांग मोडली. तिच्या जागी आले आपलेच खेळ. 'विषामृत' तर सगळ्यांनाच येतं. फक्त आता पळताना प्रत्येकीनं ड्रिबल करायचं. जिला विष मिळालं तिनं चेंडू डोक्यावर धरून, पाय फाकवून उभं राहायचं. अमृत द्यायचं तर मैत्रिणीनं आपला चेंडू तिच्या पायांमधून घरंगळत सोडायचा आणि पलीकडे जाऊन पकडायचा. "मान वर ठेवा, चेंडूकडे बघू नका" हे मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होते. विषामृतात मान खाली घातली की राज्य असलेली पोरगी धरते. आठवड्यात माना आपोआप वर!

थांबणं शिकवायला 'स्टॅच्यू'. मी ओरडले की दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून जागच्या जागी थांबायचं. जी डुलली ती बाद. मग सांगायचं, "एक पाय खिळ्यानं ठोकलाय, दुसऱ्यानं गोल फिरा." झालं पिव्हट! पाससाठी तीन-तीन जणींचे संघ करते. त्यात ड्रिबल करायचंच नाही, सलग पाच पास झाले की एक गुण आणि तिघींच्याही हाताला चेंडू लागलाच पाहिजे. ले-अपची दोन पावलं तर मुली "एक, दोन, उडी!" असं गाण्यासारखं म्हणत टाकतात.

मजा म्हणजे धांगडधिंगा मात्र नव्हे हं. चेंडू तळव्यानं थोपटायचा नाही, बोटांच्या पेरांनी खाली ढकलायचा. पास छातीतून द्यायचा, आणि समोरचीनं हात पुढे केले असतील तरच. शॉट मारताना ताकद गुडघ्यांतून घ्यायची. या गोष्टींत मी तसूभर सूट देत नाही. फक्त एका दिवशी एकच चूक सुधारते, तीही चारचौघींत नाही, जवळ जाऊन.

आया विचारतात, "खेळून पुढे काय?" वाराणसीच्या प्रशांती सिंहला बास्केटबॉलसाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, हे मी अभिमानानं सांगते. पण खरं सांगू? माझ्या बहुतेक मुली तिथवर जाणार नाहीत. माझी लढाई आठवी-नववीची आहे. तेव्हा पाळी सुरू झालेली असते, क्लास लागलेले असतात, घरात धाकटं भावंडं आणि स्वयंपाक असतो, "उन्हात काळी पडशील" असतं, "एवढ्या मोठ्या मुलीनं हाफ पँट?" असतं. मुलीला मैदानावरून ओढणारे हात दहा असतात. तिथं टिकवून धरणारा एकच, तिला स्वतःला यावंसं वाटणं. तेच मी उठाबशांनी मारून टाकत होते.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी खेळून घरी आली की "किती बास्केट मारल्या?" असं विचारू नका. "आज काय मजा आली?" असं विचारा.

आणि ती चष्मेवाली? मी तिच्या घरी गेले, तिच्यासमोर म्हटलं, "चुकलं माझं." पंधरा दिवस ती आली नाही. मग एक दिवस कट्ट्यावर येऊन नुसती बसली. विषामृताला एक भिडू कमी होता. मी काही बोलायच्या आत पोरींनीच तिला ओढून नेलं.

आता ती नववीत आहे. उंची बेताचीच, बास्केटही फार होत नाहीत, पण कोण मोकळी उभी आहे हे सगळ्यांत आधी तिला दिसतं. यंदा जूनमध्ये वडील म्हणाले, "आता खेळ पुरे, दहावी तोंडावर आली." तर ही अबोल मुलगी त्यांच्याशी तासभर भांडली म्हणे! पहाटे उठून अभ्यास करायचं कबूल केलं आणि संध्याकाळचा दीड तास मिळवला.

हे मला तिच्या आईनं सांगितलं. पुन्हा मंडईतच. या वेळी म्हणाली, "ताई, सात वाजले की तिला घरी पाठवत जा हो. हाका मारून मारून माझा घसा बसतो!"