गोठवलेले शुक्राणू पोहतात, पण अंडी फलित करतात का?

जुन्नर-आंबेगावातल्या दूध उत्पादकाला नायट्रोजनचा कंटेनर नवा नाही. गाय माजावर आली की त्यातून गोठवलेली कांडी निघते, कोमट पाण्यात वितळते आणि गाय भरवली जाते. मग माशांमध्ये हे का नको? डिंभे, माणिकडोहसारख्या जलाशयांत रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात. हॅचरीत वर्षानुवर्षं त्याच थोड्या नरांपासून बीज घेतलं, तर आंतरप्रजनन वाढतं. दुसऱ्या नदीतल्या नराचं वीर्य (मिल्ट) गोठवून आणता आलं, तर हा धोका कमी होतो. महसीरसारख्या माशाच्या संवर्धनातही हाच उपयोग. माशाची अंडी मोठी आणि पिवळ बलकाने भरलेली असतात, ती गोठवणं अजून जमलेलं नाही. म्हणून सगळी भिस्त नरावर.

कल्पना जुनीच आहे. १९४९ मध्ये ग्लिसरॉलमुळे कोंबड्याचे शुक्राणू गोठवणं साधलं आणि १९५३ मध्ये ब्लॅक्स्टरने हेरिंग माशात ते करून दाखवलं. त्याला वसंतात आणि शरदात अंडी घालणाऱ्या हेरिंगचा संकर करायचा होता.

गोठताना काय बिघडतं?

थंड करण्याचा वेग फार जास्त असेल, तर पेशीतलं पाणी बाहेर पडायच्या आत तिथेच बर्फ होतं आणि पटल फाटतं. वेग फार कमी असेल, तर पेशी सुकते आणि आतले क्षार दाट होतात. मधला वेग शोधावा लागतो. म्हणून वीर्यात एक्स्टेंडर आणि डीएमएसओसारखं संरक्षक द्रव्य मिसळतात, नायट्रोजनच्या वाफेत थंड करतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. गंमत म्हणजे संरक्षक द्रव्य स्वतःही थोडं विषारी असतं. कमी घातलं तर बर्फ मारतो, जास्त घातलं तर औषध मारतं.

यातून वाचलेल्या शुक्राणूचंही पटल, शेपटी, ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया आणि डीएनए यांना इजा झालेली असू शकते.

मासा गाईपेक्षा वेगळा कुठे?

रोहू, कटला, महसीर यांचे शुक्राणू नराच्या शरीरात निपचित असतात. नदीचं पाणी लागलं की भोवतालची क्षारता एकदम घटते आणि ते पोहू लागतात. हा जोर मिनिट-दोन मिनिटांतच संपतो. तेवढ्यात अंड्याच्या एकाच बारीक छिद्रातून, मायक्रोपाइलमधून, आत शिरावं लागतं. ऊर्जा आधीच घटली असेल, तर शुक्राणू हलतो पण पोहोचत नाही.

त्यामुळे नमुना घेतानाच काळजी हवी. नराचं पोट दाबून वीर्य काढताना त्यात पाणी किंवा लघवी मिसळली, तर शुक्राणू तिथेच जागे होऊन दमतात. मग दोष गोठवण्यावर जातो.

प्रयोग आखताना हे बघा

'वितळल्यावर इतके टक्के हलत होते' एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. हालचाल, तिचा वेग आणि ती किती वेळ टिकली, हे वेगवेगळं मोजा. पुढे फलन, उबवण आणि पिल्लांमधली विकृती बघा. डीएनएची इजा पोहण्यात दिसत नाही, ती भ्रूण मरतो तेव्हा कळते.

दुसरं, एका अंड्यामागे किती शुक्राणू घातले ते लिहा. समजा ताजे आणि गोठवलेले, दोन्ही प्रचंड प्रमाणात ओतले. दोन्हीकडे फलन चांगलं दिसेल, कारण लाखांतले थोडे सशक्त असले तरी भागतं. फरक दिसायचा तर संख्या हळूहळू कमी करत न्या.

तिसरं, एका नराच्या दहा कांड्या म्हणजे दहा नमुने नव्हेत, तो एकच नमुना. नर वाढवा आणि प्रत्येकाच्या गोठवलेल्या वीर्याची तुलना त्याच्याच ताज्या वीर्याशी करा.

एवढी खबरदारी कशाला? जलाशयात बोटुकली सोडणाऱ्या मच्छीमाराला बीज कमजोर होतं हे जाळं ओढल्यावरच कळतं. तोवर त्याचा हंगाम गेलेला असतो. प्रयोगशाळेत ते आधी ओळखता आलं, तर त्या संशोधनाचा उपयोग.