मालवाहू विमानाचा पायलट : तासांचा हिशेब

पायलट व्हायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लायसन्स येते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. व्यावसायिक लायसन्सला आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, अमेरिकेत साधारणपणे २५०. एवढ्यावर मालवाहू विमान एकट्याच्या हाती कोण देणार?

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. फेडेक्सची मोठी जेट विमाने मोठ्या शहरांत माल उतरवतात. तेथून लहान गावी पार्सले नेते सेस्ना कॅराव्हॅन, एका इंजिनाची आणि बहुधा एकाच पायलटची. ढगांतून, केवळ उपकरणांच्या भरवशावर असा माल न्यायचा तर पायलटकडे १,२०० तास हवेत. त्यांत ५०० लांब पल्ल्याचे, १०० रात्रीचे.

म्हणजे मधली दरी साडेनऊशे तासांची. भाड्याचे विमान घेऊन ती भरायची तर घरदार विकावे लागेल! म्हणून बरेच जण प्रशिक्षक होतात. शिष्य शिकतो, गुरूच्या लॉगबुकात तास जमतात, वर पगारही मिळतो. कोणी आकाशात जाहिरातीचे फलक ओढतात, कोणी पॅराशूटने उडी मारणाऱ्यांना वर नेऊन सोडतात.

तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, शिक्षणाचा व्हिसा म्हणजे नोकरीचा व्हिसा नव्हे. आणि परत आल्यावर इथे उडण्यासाठी भारतीय लायसन्स काढावेच लागते.

पालकांनाही एक विनंती. फी भरण्याआधी मुलामुलींची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यातला दोष लाखो रुपये भरल्यावर कळू नये.