इंजिन बसले, पुढे काय?

मोटारीच्या इंजिनात कोणताही मोठा बिघाड झाला की आमच्याकडे ‘इंजिन बसले’ एवढेच म्हणतात. गाडी गरम होऊन बंद पडली तरी इंजिन बसले, तेल संपून जाम झाली तरी इंजिन बसले, नाल्याच्या पुरातून काढताना पाणी आत शिरले तरी इंजिन बसले. बोलण्यापुरते हे ठीक आहे. पण गाडी वॉरंटीच्या मुदतीत असेल तर ही तिन्ही प्रकरणे अगदी निराळी ठरतात, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे त्या निराळेपणावर अवलंबून असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु हा विषय यंत्राचा जितका आहे तितकाच वाचनाचा आहे, असे माझे मत गेल्या वर्षी घरच्या एका प्रकरणावरून झाले.

प्रथम वॉरंटी म्हणजे काय ते पाहू. गाडी बिघडली की कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हमीपत्रात तसे लिहिलेले नसते. सदोष सामग्रीमुळे किंवा बनावटीतील दोषामुळे एखादा भाग निकामी झाला तर तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, एवढेच वचन त्यात असते. त्याच्यापुढे अपवादांची रांग असते : झिजणारे भाग, वेळेवर सर्व्हिसिंग न करणे, निष्काळजी वापर, अपघात, पाणी. आमच्या गावाला तहाची कलमे नवीन नाहीत. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथेच सुर्जी-अंजनगावचा तह झाला. तह जिंकणारा लिहितो. हमीपत्र कंपनी लिहिते. सही करणाऱ्याने निदान ते वाचावे तरी!

आता यंत्राकडे वळू. आमच्या वऱ्हाडात इंजिनाचा मुख्य शत्रू उन्हाळा. इंजिनाच्या पोटात पेट्रोल किंवा डिझेल जळते. त्या उष्णतेचा काही भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो, उरलेली बाहेर काढावी लागते. त्यासाठी कूलंट नावाचे रंगीत पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये सतत फिरत असते, आणि ते फिरवतो वॉटर पंप. हे पाणी कमी झाले की इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तापून वाकडा होतो. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जळते. मग कूलंट तेलात मिसळते आणि तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते. तेल असे बिघडले किंवा कमी पडले की बेरिंग घासतात आणि क्रँक जाम होतो. म्हणजे बिघाडाची सुरुवात शंभर-दोनशे रुपयांच्या सीलपासून होते आणि शेवट लाखाच्या घरात.

मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची आपली शकुंतला रेल्वे १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत चालत होती. त्या इंजिनावर बॉयलरचे पाणी पाहणे हे माणसाचे कामच असे. आजच्या मोटारीत ते काम एका काट्याकडे किंवा लाल दिव्याकडे दिलेले असते. तो दिवा लागल्यावर चालक किती वेळात थांबला, हा प्रश्न पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

माझ्या मोठेबाबांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, भाड्याची गाडी चालवतो. गाडी स्वतःच चालवतो, बँकेचे कर्ज आहे, दर महिन्याच्या ७ तारखेला हप्ता. मे महिन्यात अकोटच्या रस्त्यावर काटा वर चढलेला दिसताच त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ओळखीचा मिस्तरी आला, त्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, आता हिले सुरू करून पाहू नका. टोचन करूनच न्या.” हा सल्ला लाखमोलाचा होता. तापलेले इंजिन ‘सुरू होते का पाहू’ म्हणून पुन्हा पुन्हा फिरवले की मूळ बिघाड कोणता आणि नंतरचा कोणता, हे सांगता येत नाही. दादाने मिस्तरीच्या सांगण्यावरून वॉटर पंपाखाली ओघळलेल्या कूलंटचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवले.

गाडी घेऊन २ वर्षे ४ महिने झाले होते. मुदत ३ वर्षांची. तरी अधिकृत वर्कशॉपने (नाव येथे देत नाही) तोंडी सांगितले की हेड वाकले आहे, गाडी गरम असताना चालवली आहे, हे वॉरंटीत बसत नाही; अंदाजपत्रक १,१२,००० रुपये. मोठेबाबा तर संत्र्याच्या बागेच्या पैशातून हे पैसे द्यायला निघाले होते. “गाडी उभी राहिली तर हप्ता कोण भरन?” हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

त्या आठवड्यात मी हमीपत्र दोनदा वाचले. भाड्याच्या गाड्यांना मुदत कमी असू शकते, म्हणून आधी ते पाहिले. या गाडीला ती कमी नव्हती. मग ‘निष्काळजी वापर’ हे शब्द पाहिले. वर्कशॉपचे म्हणणे परिणामाविषयी होते : हेड वाकले. आमचा प्रश्न कारणाविषयी होता : पाणी गेले कशाने? पंपाचे सील गळाले असेल तर हेड वाकणे हा त्याचाच परिणाम, आणि पंप हमीत होता. आम्ही लेखी मागणी केली की नकार द्यायचा तर कारणासह कागदावर द्यावा, इंजिन आमच्या समोर उघडावे आणि काढलेले भाग आमच्या सहीशिवाय टाकून देऊ नयेत. तोंडी नकाराला कुठेही अपील नसते.

खरा उपयोग झाला तो जॉबकार्डाचा. सर्व्हिसिंगला गाडी देताना आपण काय सांगितले ते त्या कागदावर लिहितात, आणि बहुतेक जण ते न वाचताच सही करतात. दादाला मात्र सवय आहे की लिहून झाल्याशिवाय तो किल्ली देत नाही. मार्चमधल्या जॉबकार्डावर स्पष्ट लिहिलेले होते : ‘पाणी कमी होते, तपासणे’. वर्कशॉपने त्या वेळी कूलंट भरून गाडी परत दिली होती. दोष मुदतीत कळवलेला होता आणि शोधला गेला नव्हता, हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होत होते. एका सर्व्हिसिंगची नोंद त्यांच्या संगणकात नव्हती. ते अकोल्याच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये झाले होते आणि त्याचे बिल मोठेबाबांच्या पत्र्याच्या पेटीत निघाले. या सगळ्याच्या प्रती जोडून आम्ही कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पत्र पाठवले. गाडी एकूण २७ दिवस पडून होती. शेवटी भाग आणि मजुरी कंपनीने सोसली. तेल, कूलंट आणि टोचनाचे पैसे आम्ही दिले. बुडालेल्या भाड्याचे काही मिळाले नाही, आणि जूनचा हप्ता मोठेबाबांनीच भरला.

पावसाळ्यातले प्रकरण मात्र निराळे असते. शहानूरला पूर आला की पुलावरून गाडी काढण्याचा मोह होतो. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हा बनावटीचा दोष नाही, त्यामुळे येथे वॉरंटी कामाची नाही. साधा विमाही इंजिनाच्या अशा नुकसानीला बहुधा हात आखडतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जास्त पैसे भरून घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये हे येथेही लागू आहेच.

कंपनी ऐकतच नसेल तर कायदा आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा अपवाद लागत नाही. दादासारख्या स्वतः गाडी चालवणाऱ्याला हे वाक्य पाठ असायला हवे.

न्यायालयाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचे वचन असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. फियाटच्या २०१० सालच्या प्रकरणात इंजिनातून येणाऱ्या आवाजाची तक्रार होती. तेथे न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितले. म्हणजे ‘गाडी खराब आहे’ या ग्राहकाच्या शब्दापेक्षा तज्ज्ञाच्या अहवालाला वजन. गोव्याच्या एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ चे विकले गेले होते. त्या प्रकरणात २०२१ साली विक्रेत्याच्या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही सामील करावे, आणि कोणाचा दोष कोणता ते वेगवेगळे लिहावे.

तक्रार गाडी घेतली त्याच गावी करावी लागते असे नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे ती करता येते. गाडी नागपुरात घेतली असली तरी अंजनगावच्या माणसाला अमरावती पुरते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षे. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना जॉबकार्ड हाताशी ठेवावे, कारण त्याचा क्रमांक आणि तारीख सांगितली की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.