इंजिनाचा कान

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की घरची मंडळी धास्तावतात. पण स्कॅनरवर ‘पी ०३२५’ उमटले, तर आधी इंजिनाच्या कानाकडे, म्हणजे नॉक सेन्सरकडे, पाहावे. सिलिंडरात पेट्रोलचा अवेळी भडका उडाला की ठोका बसतो. त्या कंपनाची वीज सेन्सरातला स्फटिक करतो. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. कानच बंद पडला, तर गाडीतला संगणक सावधगिरीने ठिणगी उशिरा पाडतो. मग गाडी मंदावते, पेट्रोल जास्त लागते. तेव्हा गॅरेजवाल्याने नवा सेन्सर सुचवला, तर आधी तार, जोड आणि बोल्ट तपासून घ्या. मळ काढून ऐकू येत असेल, तर नवा कान कशाला?